दोन कार्डांचं घर

अक्का,

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. भांडी घासायला घेते नि अर्ध्यात उठते. तांदूळ निवडते आणि निवडलेले परत न निवडलेल्यांत ओतते. काल हे म्हणाले, "तुला काय मुंग्या चावून राहिल्यात का?" काय सांगू त्यांना? आपल्यात जाळत नाहीत, बसवूनच माती देतात. माणसं तुम्हाला बसवून परत आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, अक्काला एकदाचं कुणीतरी निवांत बसवलं. मग लाज वाटली. थोरली जाऊ गेली आणि धाकटी मनातल्या मनात थट्टा करतेय. पण तुमची नि माझी बोलायची रीतच ती होती. थट्टेत बसेल तेवढं बोलायचं, बाकीचं गिळायचं.

त्या गिळलेल्यातलं एक वाक्य मला काही सुचू देत नाही. तेरा वर्षांपूर्वी ते मी तुम्हाला बोलले, भर गल्लीत, बायांच्या देखत. ते मनापासून होतं की नाटकातलं, हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. तुमच्या थोरल्या बसूनं परवा नकळत ते उकरून काढलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुमच्याशी बोलू द्या.

मी औशाला या घरात आले तेव्हा घर एक होतं, चूल एक होती आणि कारभार तुमचा होता. सासूबाई आधीच गेलेल्या. भावजी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तोलार. त्यांची कमाई सुगीची, चार महिने बरी, बाकीचे आठ महिने ते काट्याशेजारी बसून माश्या मारायचे. हे शाळेत शिपाई. यांचा पगार लहान, पण एक तारखेला यायचाच, आणि तो हे सरळ तुमच्या हातात नेऊन ठेवायचे. मी दारात उभी राहून बघायचे. माझ्या हाताला त्या नोटांचा वाससुद्धा माहीत नव्हता.

तुमची जुन्या लुगड्याची चार फडकी होती. एकात दळण-किराणा, एकात लेकरांची शाळा, एकात दुखणंखुपणं. चौथ्यात काय म्हणून मी विचारलं तर म्हणालात, "ते इसरायसाठी हाय. त्याला हाय म्हणूनच धरायचं न्हाई." बाजाराच्या दिवशी तुम्ही दोनदा जायचात. सकाळी रिकाम्या हातानं, नुसता भाव विचारत. मग घरी येऊन तेवढेच पैसे फडक्यातून काढायचात आणि उन्हं कलली, भाजीवाले उठायला लागले, की परत जायचात. मला वाटायचं, बाई किती चिक्कू आहे. भाकरीसाठी पीठ मोजून घेतलं तरी त्यातली एक मूठ तुम्ही डब्यात परत टाकायचात. एकदा मी म्हणाले, "अक्का, त्या मुठीनं काय बंगला होणार हाय का?" तुम्ही म्हणालात, "बंगला न्हाई ग, पण म्हैन्याच्या शेवटी दोन दिवस होतेत." आणि व्हायचे, हे मला कबूल करवत नव्हतं.

माझं एवढंच मागणं होतं, खोबरेल तेलाची एक बाटली. माझी, आख्खी. तुम्ही वाटीत काढून द्यायचात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मोंढ्यात धान्यच येईना, तर भावजी तोलणार काय? गाय आणि म्हैस चाऱ्याअभावी मिळेल त्या किमतीला काढली आणि गोठा मोकळा झाला. सासरे धरून घरात अकरा माणसं, आणि येणारा पैसा एकच, यांचा पगार. रेशनवर तो तांबडा मिलो, परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना फाटायची, लेकरं तोंड फिरवायची. पण खरी अडचण जळणाची होती. जनावरं गेली म्हणजे गोवऱ्या गेल्या. रॉकेलवर यावं, तर ते कार्डामागं मिळायचं. घरात तीन माणसं असोत की अकरा, डबा तेवढाच.

एके दुपारी तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, "नंदे, आपून येगळं व्हायचं."

मला खरंच वाटलं. तुम्ही हसलात. "खरं न्हाई ग बये. कार्डापुरतं. चूल येगळी दिसली की कार्ड येगळं मिळतंय. रॉकेलचे दोन डबे."

मोकळ्या गोठ्यात आपण दोघींनी चूल घातली. नव्या चुलीवर कोण विश्वास ठेवील, म्हणून दोन दिवस तिच्यात पालापाचोळा जाळून तुम्ही ती काळी केलीत. भिंतीलाही काजळी फासलीत. सगळं झाल्यावर म्हणालात, "पण कार्डाचे साहेब शेजारी इचारणार. तवा आपलं भांडण व्हाया पाहिजे. गल्लीला दिसंल असं."

कोण काय बोलणार तेही तुम्हीच ठरवलंत. मी म्हणायचं, माझ्या लेकरांच्या कालवणात तुम्ही तेल कमी टाकता. तुम्ही म्हणायचं, घरात आल्यापासून हिनं एक काम धड केलं नाही. मग मी लेकरांच्या दुधाचा विषय काढायचा, तुम्ही माझं माहेर काढायचं, आणि शेवटी तुम्ही म्हणायचं, "मग ऱ्हा येगळी!" स्वयंपाकघरात तालीम झाली. मला हसू आवरेना. तुम्ही दटावलंत, "दात काढू नको. रडलीस तरी चालंल, पण आवाज चढव."

सकाळी बाया पाण्याला निघाल्या आणि आपण दारात उभ्या राहिलो. पहिली दोन वाक्यं ठरल्यासारखी झाली. समोरच्या काशीबाई घागर खाली ठेवून बघायला लागल्या. तुम्ही काय बोलत होतात, अक्का! कमरेवर हात, पदर खोचलेला. मला वाटलं आपण मागं पडतोय. मी आवाज चढवला. दुधाचं वाक्य तोंडात तयार होतं, पण बाहेर आलं ते दुसरंच.

"माझ्या नवऱ्याच्या पगारावर अख्खं घर जेवतंय, आन मलाच वाटीभर तेलाला हात पसरावा लागतोय!"

तुमचा कमरेवरचा हात खाली आला. एक पापणी लवली असेल तेवढा वेळ. मग तुम्ही दुप्पट आवाजात म्हणालात, "मग ऱ्हा येगळी!" आणि आत गेलात. वाक्य तर तेच ठरलेलं होतं. म्हणून मला कळलंच नाही की तुम्ही नाटक संपवलंत की दुसरं काही.

चार दिवसांनी सप्लायचे साहेब आले. चूल बघितली, काशीबाईंना विचारलं, आणि जाताना बिचारे आपल्या दोघींनाच समजावत बसले, "ताई, घरात भांड्याला भांडं लागतंच. समजुतीनं घ्या." तुम्ही नाकाला पदर लावून म्हणालात, "साहेब, लई सोसलं मी." ते गेल्यावर आपण धान्याच्या खोलीत तोंड दाबून हसलो. मला वाटलं, झालं, मिटलं. तुम्ही हसलात म्हणजे मिटलंच की.

कार्ड हातात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या माणसांपुरता मिलो मापून गोठ्यात आणून ठेवलात. मापात दाण्याचा फरक नव्हता. एक तारखेला यांनी पगार पुढं केला, तर तुम्ही हात मागं घेतलेत. "तिच्या हातात द्या. चूल तिची हाय." हे गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. आणि मी? मी पदर पुढं केला. मला आनंद झाला होता, अक्का. ते आता लिहून टाकते. मी त्याच संध्याकाळी खोबरेलची बाटली आणली.

बावीस तारखेला माझ्याकडं एक छदाम उरला नाही.

ते तुम्हाला कसं कळलं देव जाणे. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधली भिंत छातीएवढी. त्या भिंतीपलीकडून तुमचा आवाज यायला लागला. तुमच्या निलूशी बोलत असायचात, पण आवाज असा की निम्म्या गल्लीला ऐकू जावा. "निले, ध्यानात ठेव. पगार झाला की आधी रॉकेल, मीठ, मिरची. मग दळण. मग उरलं तर बाकीचं." निलू तेव्हा सहा वर्षांची. ती विचारायची, "कुणाचा पगार गं आई?" तुम्ही तिला गप्प बसवायचात. "निले, डाळ महाग झाली. हुलगे आन. हुलग्याच्या पातळ माडग्यावर लेकरं पोटभर निजतेत." मी हुलगे आणायचे. "निले, उसनं आणलं की त्याच बाजाराला फेडावं." मी फेडायचे. माझा संसार तुम्ही सहा वर्षांच्या पोरीच्या नावानं चालवलात, आणि मी एकदाही भिंतीवरून डोकं काढून म्हणाले नाही की अक्का, ऐकू येऊन राहिलंय, जरा हळू.

पण तुमच्याकडं काय शिजत होतं? हा प्रश्न मला उशिरा पडला. भावजींची कमाई नव्हतीच. एक दिवस काशीबाईंनी सांगितलं, "तुमच्या थोरल्या लातूरच्या रस्त्यावर दुष्काळी कामात खडी फोडून राहिल्यात, ठावं हाय का?" मी म्हणाले, शक्य नाही. तुमचं माहेर दुकानदाराचं. दुसऱ्याच्या रानातसुद्धा तुम्ही कधी कामाला गेला नव्हतात. मी दुसऱ्या दिवशी लांबून बघून आले. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला, हातोडी एका लयीत पडतेय. तुम्हाला मी तोंडावरून ओळखलं नाही, मापानं ओळखलं. तुमच्या पुढ्यातला ढीग सगळ्यात नीट होता.

घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणालात, "घरात बसून कटाळा आलाय. सगळ्याच बाया चालल्यात." आणि पदराची गाठ सोडून कामावर मिळालेली सुकडी माझ्या दोन लेकरांच्या हातावर ठेवलीत. तुमच्या तळव्याला फोड होते. मी ते बघितले आणि लेकरांना म्हणाले, "खावा." याच्याएवढी लाज मला आयुष्यात कशाची वाटली नाही, पण लाज वाटून मी केलं काय? काहीच नाही. त्या दिवशी मला तुमचे हात धरता आले असते. मला म्हणता आलं असतं, अक्का, ते वाक्य माझ्या तोंडून निसटलं, तुम्ही परत या. मी म्हणाले नाही. रॉकेलचे दोन डबे येत होते, लेकरं सुकडी खात होती आणि पगार माझ्या हातात होता.

पाऊस आला, मोंढा भरला, भावजींचा काटा पुन्हा हलायला लागला. चुली दोनच राहिल्या. लोक विसरले की त्या का दोन झाल्या. आपल्या लेकरांना तर वाटतं, आपण खरंच भांडून वेगळ्या झालो.

सगळं काही वाईट नव्हतं, तसं म्हटलं तर तुम्हीच वरून चिडाल. मी हप्त्यावर शिलाई मशीन घेतली तेव्हा तुम्ही चार दिवस बोलला नाहीत. "वस्तू घरात आन पैसा लोकाचा, झोप कशी लागती तुला?" मी म्हणाले, मशीन कमवील आणि हप्ता फेडील. तुम्ही मान हलवलीत. पाचव्या दिवशी तीन झंपरांचं कापड घेऊन आलात आणि शिलाई रोख मोजलीत. मी घेईना, तर म्हणालात, "घे. हप्ता चुकला तर नाव माझ्या घराचं जाईल." तो वाद आपला अजून मिटलेला नाही. मशीनचे सगळे हप्ते वेळेवर गेले, एवढं फक्त नोंदवून ठेवते. तुम्ही कधी मान्य केलं नाहीत.

मग लातूर जिल्हा झाला. औशाला केवढा आनंद. भावजी म्हणाले, आता कागदाच्या एका सहीसाठी उस्मानाबादचे खेटे नकोत. पाठोपाठ रेशनकार्डं नवी करायचं निघालं. तुम्ही एका दुपारी दोन्ही कार्डं हातात घेऊन माझ्या दारात आलात. उंबऱ्याच्या आत नाही आलात, बाहेरच उभ्या राहिलात.

"नंदे, नवी कार्डं करून राहिलेत. आता एकच करू का?"

अक्का, तुम्ही कार्डाचं विचारत नव्हतात, हे मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हा भावजींची कमाई यांच्या पगारापेक्षा बरी होती, म्हणजे एकत्र होण्यात फायदा होता तो माझा. पण मला वाटलं, पैसा परत तुमच्या फडक्यात जाईल. आणि त्याहून मोठी भीती दुसरी होती. एका चुलीपुढं रोज समोरासमोर बसायचं म्हणजे कधी ना कधी ते वाक्य निघणारच.

मी म्हणाले, "राहू द्या की, अक्का. दोन असलेली बरी. रॉकेल दुप्पट मिळतंय."

तुम्ही कार्डांकडं बघितलंत. "हाव. ते बी खरंच हाय," म्हणालात आणि वळलात.

त्याला तीन वर्षं झाली.

आता बसूचं सांगते. तुमचा थोरला परवा आला आणि म्हणाला, "काकू, आईचं नाव कार्डातून कमी कराया जायचंय. दादा इचारून राहिलेत, जाता जाता दोन्ही कार्डं एक करायची का?" तोच प्रश्न, आता भावजींचा, तुमच्या लेकाच्या तोंडून. तोंडावर तुमचाच घाट. मी त्याला म्हणाले, सांगते. आणि तेव्हापासून ही अशी फिरतेय, घरातून अंगणात, अंगणातून घरात. हो म्हणावं तर वाटतं, अक्कानं विचारलं तेव्हा नाही म्हणालीस आणि आता मेलेल्या माणसाच्या जागेवर जाऊन बसतेस? नाही म्हणावं तर दुसऱ्यांदा तेच पाप. शेवटी ठरवलं की आधी भावजींना ते वाक्य सांगायचं. ते जेवत होते ते माझ्या नवऱ्याच्या पगारावर, असं मी गल्लीला ओरडून सांगितलं होतं. तो अपमान त्यांचाही होता. मग त्यांनीच ठरवावं, अशा बाईच्या हातचं खायचं का ते.

आज सकाळी गेले. भावजी ओट्यावर बसले होते. मी खांबाला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "भावजी, दुष्काळात आम्ही ते भांडण केलं होतं, कार्डासाठी. त्यात मी एक बोलले होते."

ते चक्क हसले. नऊ दिवसांत पहिल्यांदा. "पगाराचं व्हय? मी घरातच होतो की. मला लई लागलं होतं ते. पण ही आत आली आन म्हणली, 'ते मीच शिकवलं तिला. त्याबिगर गल्लीला खरं वाटलं नसतं. पोरगी बोलाया तयार नव्हती, बळंच बोलाया लावलं.'"

मी खांब घट्ट धरला. तेरा वर्षं मला जे कळत नव्हतं, ते एका दमात कळलं. तुम्हाला ठाऊक होतं. हात खाली आला त्याच क्षणाला ठाऊक होतं. आणि दारातून आत जायला जी चार पावलं लागतात, तेवढ्यात तुम्ही ठरवलंत की हे नवऱ्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर धाकटी त्याच्या मनातून उतरेल.

गप्प बसले असते तर तुम्ही घातलेलं पांघरूण तसंच राहिलं असतं. तुम्हाला तेच आवडलं असतं. पण मला ते अंगावर घेऊन बसवेना.

"नाही, भावजी," मी म्हणाले. "मला ते कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं होतं."

भावजींचं हसू तिथंच थांबलं. ते रागावले नाहीत, वर बघितलंही नाही. म्हणाले, "मग ती खडी फोडाया का गेली, ते आज कळालं. त्या पगाराचा घास नको होता तिला."

मी खाली बसले.

"मी लई बोललो होतो तिला," ते म्हणाले. "मोंढ्यात मला तोंड दाखवाया जागा ठेवली न्हाईस म्हणलो. का जातीस म्हणलं तर एकच, कटाळा आलाय. मग मी बोलायचंच सोडलं. चार म्हैने एक शब्द बोललो न्हाई तिच्याशी."

चार महिने, अक्का. दिवसभर खडी फोडून तुम्ही अबोल्याच्या घरात परत येत होतात, आणि माझं नाव सांगितलं असतं, तर तो अबोला तिथंच संपला असता.